लहान माणसाला भांडवल कोण देणार? धनंजयराव गाडगीळांनी शोधलेली वाट



मोसंबीच्या रसाचं छोटं युनिट टाकायचंय, डाळ मिल घ्यायचीय, बचत गटाला शेवयाचं मशीन पाहिजे, कुणाला शेळीपालन वाढवायचंय. कुठल्याही गावात बैठक घ्या, असे पाच-दहा विचार निघतातच. आणि सगळे येऊन अडतात एकाच जागी. पैसा कुणाचा? सावकाराकडं जावं तर व्याज मानगुटीला बसतं. बँकेत जावं तर तारण मागतात. सरकारी योजनेत जावं तर यादीत नाव येईपर्यंत हंगाम निघून जातो. मग कुणीतरी हळूच विचारतं, साहेब, नफा न बघता पाठीशी उभी राहील अशी एखादी संस्था नाही का हो?

हा प्रश्न नवा नाही. ज्या माणसानं हा प्रश्न उभ्या आयुष्यभर धरून ठेवला आणि त्याचं उत्तर आकड्यांनी आणि प्रत्यक्ष कामानं दिलं, त्याचं नाव धनंजय रामचंद्र गाडगीळ. आपल्याकडं गाडगीळ म्हटलं की बऱ्याच जणांना काकासाहेब गाडगीळ आठवतात, जे केंद्रात मंत्री होते. ते वेगळे. धनंजयराव मंत्री कधीच झाले नाहीत. ते अर्थशास्त्राचे अभ्यासक. पण तुमचं पीक कर्ज, तुमच्या जिल्ह्याची अग्रणी बँक आणि महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना, या तिन्ही ठिकाणी त्यांचा हात लागलेला आहे. पश्चिम घाटाच्या अहवालामुळे गाजलेले पर्यावरण शास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचेच चिरंजीव.

त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा. शाळेचं शिक्षण नागपुरात झालं. पुढं ते इंग्लंडला केंब्रिजला गेले आणि तिथं त्यांनी भारतातल्या उद्योगधंद्यांच्या बदलत्या परिस्थितीवर प्रबंध लिहिला. १९२४ साली तो पुस्तकरूपानं छापला गेला आणि कॉलेजातून पुढं कितीतरी वर्षं शिकवला गेला. आपल्या दृष्टीनं त्यात महत्त्वाचं काय, तर गावातला कारागीर का मोडला याचा विचार. कोष्ट्याचं कापड, तांबटाची भांडी, चांभाराचं कातडं, यांची मागणी कशी तुटली आणि हातात कसब असूनही ही माणसं धंद्यात का टिकली नाहीत, हे त्यांनी विशी-बाविशीतच तपासून बघितलं होतं. लहान धंदा फक्त मेहनतीवर चालत नाही, त्याला भांडवल आणि बाजार दोन्ही लागतात, ही गोष्ट त्यांच्या मनात तेव्हापासून पक्की असावी.

इंग्लंडहून परतल्यावर त्यांनी थोडे दिवस मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केलं. मग सुरतेच्या एम. टी. बी. कॉलेजचे ते प्राचार्य झाले. चांगली नोकरी होती, मान होता. १९३० साली ती सोडून ते पुण्यात आले ते एका नव्या, लहानशा संस्थेचं काम अंगावर घ्यायला.

ही संस्था म्हणजे गोखले अर्थशास्त्र संस्था. तिची जन्मकथा आपल्या विषयाला धरूनच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांनी देणगी दिली. पण त्यांनी पैसा कुणा एकाच्या हातात दिला नाही. नामदार गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाकडं विश्वस्त म्हणून तो सोपवला आणि त्यातून ही संस्था उभी राहिली. म्हणजे देणारा एक, सांभाळणारा दुसरा, काम करणारा तिसरा. देणगीदार उद्या नाराज झाला म्हणून काम बंद पडत नाही, आणि काम करणारा उद्या गेला म्हणून पैसा त्याच्या घरी जात नाही. आज एखादी धर्मादाय संस्था किंवा एखाद्या कंपनीचा सामाजिक निधी तुमच्या गटाला मदत करायला येतो तेव्हा आधी कागद मागतो. नोंदणी, घटना, हिशेबाची तपासणी, बँकेचं खातं किती जणांच्या सहीनं चालतं, हे सगळं विचारतो. आपल्याला तो त्रास वाटतो. काळ्यांनी १९३० साली हेच बघितलं होतं. संस्थेतली काळे स्मृती व्याख्यानमाला त्यांच्या नावानं आहे.

धनंजयराव या संस्थेचे १९३० ते १९६६ असे छत्तीस वर्षं संचालक होते. दिल्ली-मुंबईच्या कागदांवर विसंबून न राहता त्यांनी माणसं गावोगाव आणि बाजारात पाठवली. वाई तालुक्यातली शेती परवडते की नाही, याची पाहणी केली. मोटार वाहतुकीची केली. पुणे शहरातल्या घराघरांची केली.

१९३३ साली त्यांनी पुण्यातल्या फळबाजारावर पाहणी छापली. मोसंबीवाल्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. बागेतून निघालेलं फळ पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत किती हातांतून जातं, दलाली, हमाली, भाडं, नासधूस यात काय जातं आणि बागवाल्याच्या पदरात काय पडतं, अशा धर्तीची ही चौकशी. आज आपल्या जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. तरीही आंबिया बहाराची मोसंबी झाडावर असतानाच उक्ती देऊन टाकणारे आपल्यात कमी नाहीत. प्रक्रिया उद्योगाचा अर्ज भरताना पहिला प्रश्न असतो की माल कुठून आणणार आणि कुणाला विकणार. तिथंच आपली गाडी अडते, कारण हा हिशेब आपण कधी मांडलेलाच नसतो. त्यांनी तो नव्वद वर्षांपूर्वी मांडला होता.

शंभरातले सत्तर सावकाराचे

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सरकारनं शेतीच्या कर्जपुरवठ्यावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष धनंजयराव. १९४५ साली अहवाल आला. ज्याच्या डोक्यावर जुन्या कर्जाचा डोंगर आहे त्याला नवं कर्ज देणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं, हे त्यांना दिसत होतं. म्हणून जुनं कर्ज आधी शेतकऱ्याच्या फेडीच्या ताकदीप्रमाणं कमी करून बसवा आणि मग नव्या पुरवठ्याची स्वतंत्र व्यवस्था लावा, असा समितीचा रोख होता.

पुढं १९५१ साली रिझर्व्ह बँकेनं देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी करायची ठरवली. ए. डी. गोरवाला अध्यक्ष, आणि सदस्यांत धनंजयराव. ७५ जिल्हे, ६०० गावं, सव्वा लाखावर कुटुंबं. डिसेंबर १९५४ मध्ये अहवाल छापून आला. त्यातले आकडे मी मुद्दाम देतो, कारण ते वाचल्यावर आपल्या आजोबांच्या घरात काय चाललं होतं ते कळतं. शेतकरी कुटुंबानं घेतलेल्या शंभर रुपये कर्जापैकी धंदेवाईक सावकाराचे ४४ रुपये ८० पैसे आणि शेती करून सावकारी करणाऱ्याचे २४ रुपये ९० पैसे. दोन्ही मिळून सत्तरला टेकले. नातेवाइकांकडून १४ रुपये २० पैसे, व्यापाऱ्याकडून साडेपाच रुपये. सरकारकडून ३ रुपये ३० पैसे. आणि ज्या सहकारी सोसायट्या १९०४ च्या कायद्यापासून पन्नास वर्षं चालू होत्या, त्यांच्याकडून फक्त ३ रुपये १० पैसे. व्यापारी बँकांचा तर एक रुपयाही पुरा नव्हता, ९० पैसे.

असा आकडा हातात आल्यावर दोन रस्ते होते. एक म्हणजे सहकार अपयशी ठरला म्हणून तो गुंडाळून ठेवायचा. समितीनं तो घेतला नाही. तिनं कारण शोधलं. गावातली सोसायटी लहान, तिचं भागभांडवल तुटपुंजं, तिच्यावर वजन त्याच सावकाराचं आणि व्यापाऱ्याचं. एकट्या लहान माणसांची सोसायटी या वजनापुढं उभी राहू शकत नव्हती. म्हणून सरकारनं भागीदार व्हावं, पण मालक होऊ नये. भागभांडवलात सरकारनं आपला हिस्सा टाकायचा, सोसायटी पायावर उभी राहिली की तो हळूहळू काढून घ्यायचा. कर्ज हे विक्री आणि प्रक्रियेला जोडायचं, म्हणजे मालाच्या पैशातून वसुली होईल आणि शेतकऱ्याला घाईनं माल फुकायची वेळ येणार नाही. आणि कर्जाची रक्कम जमिनीच्या तारणाकडं बघून न ठरवता पिकाला लागणाऱ्या खर्चाकडं बघून ठरवायची. आज आपण ज्याला पीक कर्ज म्हणतो त्या पद्धतीला या अहवालानं देशभर बळ दिलं. या शिफारशींतूनच १ जुलै १९५५ ला स्टेट बँक अस्तित्वात आली, आणि पाठोपाठ गोदामांच्या महामंडळांचा पाया पडला.

सरकार भागीदार झालं की पुढारी मालक होतात, ही तक्रार तुम्ही कराल. खरी आहे. सरकारचा हिस्सा काढून घ्यायचा भाग कित्येक ठिकाणी कागदावरच राहिला. पण शिफारस काय होती आणि अंमल काय झाला, हे दोन वेगळे करून बघितलं पाहिजे.

लोणीचा कारखाना

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. अहवाल लिहिणारी माणसं पुष्कळ असतात. धनंजयरावांचं वेगळेपण असं की जे कागदावर लिहिलं ते चालतं का हे बघायला ते स्वतः कारखान्याच्या अध्यक्षपदावर बसले, तेही दहा वर्षं.

गोखले संस्थेनं गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी केली होती. ती १९४८ साली छापली. पाणी आल्यानं नेमका कुणाचा किती फायदा झाला, हे त्यात तपासलं होतं. त्या काळात कालव्याखालचा ऊसवाला सुखी होता असं नाही. ऊस लावायचा, गूळ करायचा आणि गुळाचा भाव पडला की व्यापाऱ्याच्या दारात उभं राहायचं. खाजगी साखर कंपन्या होत्या, पण त्यांचा कल आपल्या शेतावर आपला ऊस पिकवण्याकडं. त्यासाठी शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडानं घेतलेल्या. म्हणजे जमिनीचा धनी आपल्याच रानात मजूर.

१९४५ च्या डिसेंबरात बेलापूर रोडला, म्हणजे आताच्या श्रीरामपूरला, कालव्यांवरच्या बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष म्हणून धनंजयराव आले. शेतकऱ्यांनी स्वतःच कारखाना काढावा, ही कल्पना तिथं पुढं आली. ती उचलून धरली लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी. विठ्ठलरावांचं शाळेतलं शिक्षण थोडंच झालं होतं, पण १९२३ सालापासून ते गावची पतपेढी चालवत होते. वसुली म्हणजे काय, गावातला कोण शब्दाचा पक्का, कुणाला किती झेपतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. एक केंब्रिजचा आणि एक लोणीचा. दोघांची जोडी जमली हा महाराष्ट्राच्या शेतीतला मोठा योग म्हणावा लागेल.

भांडवल कसं जमलं ते बघा, कारण आज उत्पादक कंपनी काढणाऱ्या प्रत्येकानं हे नजरेखालून घालण्यासारखं आहे. आधी शेतकऱ्यांचे शेअर. विखे पाटील आणि त्यांचे सोबती गावोगाव हिंडले. लोकांकडं रोकड नव्हती आणि विश्वास त्याहून कमी होता. शेतकऱ्यांचा कारखाना ही गोष्टच कुणी बघितलेली नव्हती. तरी थोडे थोडे करत शेअर गोळा झाले. तेवढ्यानं यंत्रं येणार नव्हती. पण शेतकऱ्यांचा पैसा आधी दिसला म्हणून बाकीची दारं उघडली. मुंबई सरकारनं भागभांडवलात हिस्सा घेतला. औद्योगिक वित्त महामंडळानं दीर्घ मुदतीचं कर्ज दिलं. सहकारी बँक मागं उभी राहिली. त्या वेळी मुंबई राज्याचे अर्थमंत्री होते वैकुंठभाई मेहता. त्यांनी त्याआधी तीस-पस्तीस वर्षं प्रांतिक सहकारी बँक सांभाळलेली होती, त्यामुळं लहान शेतकऱ्याच्या शेअरचं मोल त्यांना समजत होतं. पुढं हेच वैकुंठभाई खादी ग्रामोद्योग आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. खादी ग्रामोद्योगाकडून धंद्याला मदत घेतलेले आपल्या जिल्ह्यातही आहेत, म्हणून हे नाव ध्यानात असू द्या.

३१ डिसेंबर १९५० ला प्रवरानगरला पहिलं गाळप सुरू झालं. धनंजयराव अध्यक्ष, विठ्ठलराव उपाध्यक्ष. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं ऊसतोडीचं वेळापत्रक, सभासदाचा भाव, यंत्राची दुरुस्ती आणि कर्जाचे हप्ते यात दहा वर्षं डोकं घालावं, हे आजच्या काळात चमत्कारिकच वाटेल. पण त्यामुळं झालं असं की कारखान्याचा हिशेब पहिल्यापासून चोख राहिला, आणि बाहेरचा कर्ज देणारा कागद बघून निर्धास्त झाला. पैसे देणाऱ्याला काय हवं असतं? मोठी इमारत नको असते. गेल्या वर्षीचा ताळेबंद आणि ठरावांचं पुस्तक हवं असतं. १९६० च्या सुमारास धनंजयराव अध्यक्षपदावरून बाजूला झाले आणि गावच्या माणसांच्या हाती कारभार राहिला. बाहेरून आलेल्यानं कधी जायचं, हेही त्यांना कळत होतं.

त्या वेळी आपला जालना निजामाच्या राज्यातून नुकताच सुटलेला होता आणि हैदराबाद राज्यात होता. १९५६ पर्यंत आपण त्या राज्यातच राहिलो. नगर जिल्ह्यात जे सहकाराचं वारं १९५० ला सुटलं, ते आपल्याकडं पोचायला उशीर लागला याचं हे एक कारण. पुढं आपल्याकडंही कारखाने झाले. अंकुशनगरचा समर्थ आपण बघितला, आणि बंद पडून विकला गेलेला रामनगरचाही बघितला. एकाच जिल्ह्यात दोन्ही नमुने आहेत. शेअर सारखेच गोळा झाले होते. फरक कुठं पडला, हे जुन्या सभासदांना विचारलं तर ते सांगतील.

बँकेला जिल्हा वाटून द्या

१९६६ साली गोखले संस्थेतून मोकळे होऊन धनंजयराव पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि वर्षभरात दिल्लीला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं त्यांनी बसवलेलं सूत्र त्यांच्याच नावानं चाललं. त्यात साठ टक्के वजन लोकसंख्येला होतं. आधी ज्याची ओळख जास्त त्याला मदत जास्त असा कारभार होता, त्याला मोजमाप आलं.

पण आपल्या कामाची गोष्ट दुसरी आहे. १९६८ साली राष्ट्रीय पतपरिषदेनं धनंजयरावांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. बँका होत्या, पण शहरात. खेड्यांपैकी जेमतेम शेकडा एका गावाला व्यापारी बँकेचा उपयोग होत होता. लहान शेतकरी, कारागीर, टपरीवाला, यांना बँक म्हणजे परकं दार. जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. ऑक्टोबर १९६९ मध्ये या गटाचा अहवाल आला. त्याचं म्हणणं सोपं होतं. देशभर सगळ्या बँकांनी सगळीकडं थोडं थोडं करत बसण्यापेक्षा मुलूख वाटून द्या. जिल्हा हा घटक धरा. त्या जिल्ह्यात काय पिकतं, कोणते धंदे चालतील, कुठं शाखा नाही, कर्ज कुणाला मिळत नाही, याचा आराखडा करा आणि त्याला जबाबदार एक बँक ठेवा. लागोपाठ रिझर्व्ह बँकेच्या नरिमन समितीनं त्याला दुजोरा दिला आणि डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना आली.

पन्नास वर्षांवर झाली, ही योजना चालू आहे. गावात मात्र तिचं नाव फार कमी लोकांना माहीत असतं. पेपरात पतपुरवठा आराखड्याचा कोटींचा आकडा येतो, आपण पान उलटतो.

धनंजयरावांना या योजनेची फळं बघायला मिळाली नाहीत. १९७१ साली ते नियोजन आयोगातून बाहेर पडले. दिल्लीहून पुण्याकडं परतत असताना वाटेतच ३ मे १९७१ रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर जवळपास दहा वर्षांनी, १ मे १९८१ ला, औरंगाबाद आणि परभणीचे तालुके काढून जालना जिल्हा झाला. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र.

आता तुमच्या धंद्याकडं या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जिल्हास्तरीय समिती दर तिमाहीला बसते. तालुक्याला अशीच बैठक असते आणि तिथं पंचायत समितीचे अधिकारी हजर असतात. तुमच्या गटाचं कर्जप्रकरण एखाद्या शाखेत सहा-सहा महिने पडून असेल तर ते या बैठकीत मांडता येतं. त्यासाठी अर्जाची पोच हवी. पोच मागायला आपण लाजतो, आणि मग बँक म्हणते की अर्जच आला नाही. सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना मुद्दाम सांगावंसं वाटतं की गावातल्या अडलेल्या प्रकरणांची एक यादी, पोचेच्या तारखांसह, बैठकीआधी गटविकास अधिकाऱ्यांकडं दिली तर तिच्यावर बोललं जातं. तोंडी तक्रारीवर जात नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तोही त्या कागदावर लिहून ठेवा. अग्रणी बँकांनी जिल्ह्याला एक याप्रमाणं ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालवायच्या असतात. तिथलं शिक्षण फुकट असतं.

योजनांचंही तसंच. २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना आली. तिचं काम आमच्या कृषी खात्याकडं आलं आणि आपल्या जिल्ह्यासाठी मोसंबी हे पीक ठरलं. तिच्यात अनुदान ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, असं ठेवलं. पण निदान दहा टक्के रक्कम उद्योजकाची स्वतःची आणि बाकी बँकेचं कर्ज. अनुदान हातात रोख पडत नाही, ते बँकेत तीन वर्षं राखून ठेवतात आणि धंदा चालू दिसला तर कर्जात वळतं करतात. त्याच वर्षी आलेल्या दहा हजार उत्पादक संस्थांच्या योजनेत सभासदानं जेवढे शेअर घेतले तेवढीच जोड सरकारनं द्यायची ठरली, दर सभासदामागं जास्तीत जास्त दोन हजार आणि संस्थेला पंधरा लाख. नीट बघा, ही १९५४ च्या अहवालातलीच भागीदारी आहे. नुसत्या अनुदानासाठी दहा सह्या गोळा करून कंपनी नोंदवणारे आपल्याकडं झाले, त्यांच्या पाट्या अजून काही गावांत लटकलेल्या दिसतील. सभासदांचे शेअरच नाहीत, तर जोड कशाला मिळणार?

आणि ज्या बिननफ्याच्या संस्थेचा प्रश्न सुरुवातीला निघाला, तिचा नमुना आपल्या जिल्ह्यातच आहे. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र चालवणारं मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही सेवाभावी संस्था आहे. तालुक्यातल्या कडवंचीत तिच्या पुढाकारानं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झालं. पैसा जर्मनीचा होता आणि नाबार्डमार्फत आला, पण गावानं आपला वाटा श्रमदानानं उचलला. चराई आणि कुऱ्हाडबंदीचे नियम या कार्यक्रमात गावालाच पाळावे लागत. बांधबंदिस्ती झाली, शेततळी आली, त्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. आज कडवंचीचा शेतकरी बँकेत जातो तेव्हा मॅनेजर खुर्ची पुढं करतो.

तुमच्या गटाला अशा संस्थेकडं किंवा बँकेकडं जायचं असेल तर जाताना तीन वस्तू बरोबर न्या. सभासदांच्या बचतीचं किंवा शेअरचं रजिस्टर, मागच्या बारा महिन्यांचं बँक पासबुक, आणि माल कुणाला कोणत्या भावानं विकणार याचा एका पानाचा हिशेब. तो हिशेब मांडायला अडचण आली तर तुमच्या गावच्या कृषी कर्मचाऱ्याला बसवून घ्या, ते त्याचं कामच आहे. मोसंबीवाल्यांनी आंबिया बहाराची फळं तोडणीला येण्याच्या आधीच बसावं. नंतर फळ गाडीत भरलेलं असतं, आणि मग भाव ठरवायला आपल्या हातात काही उरत नाही.